डांबर, रंग आणि वेंकटरामन

पावसाळा सरला की शाली, स्वेटर आणि लग्नातले शालू उन्हे दाखवून कपाटात ठेवायचे आणि त्यांच्या घड्यांत डांबराच्या गोळ्या टाकायच्या, हा आपल्या घरांमधला जुना रिवाज. गोळी पांढरीशुभ्र आणि डांबर काळेकुट्ट, मग तिला डांबराची का म्हणायचे, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. पण नाव अगदी बरोबर आहे. दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून कोक करताना जे डांबर निघते, त्यातूनच ही गोळी, म्हणजे नॅफ्थलीन, माणसाच्या हाती लागली. कार्बनच्या अणूंची दोन षटकोनी कडी एकमेकांना चिकटली की नॅफ्थलीन होते. त्याच ओळीत तिसरे कडे जोडले की तयार होते तिचे थोरले भावंड, अँथ्रासीन. या कुळाला रसायनशास्त्रज्ञ सुगंधी म्हणतात. वास कसा आहे ते आपण कपाट उघडले की कळते, पण शास्त्रातली नावे एकदा पडली की बदलत नाहीत.

अँथ्रासीनचे नाव ग्रीक भाषेतल्या कोळशाच्या शब्दावरून पडले. द्यूमा आणि लोराँ या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३२ साली ते डांबरातून वेगळे केले. चौदा कार्बन, दहा हायड्रोजन एवढाच त्याचा संसार. शुद्ध असेल तर स्फटिक बिनरंगी असतात, २१६ अंशांच्या आसपास वितळतात आणि अतिनील प्रकाशात धरले तर निळसर झळाळतात. डांबरात ते शेकडा दीडच्या आसपासच सापडते, तेही शेवटी शेवटी निघणाऱ्या जड, हिरवट तेलात. पहिली सदतीस वर्षे या पदार्थाचे करायचे काय हे कोणाला ठाऊक नव्हते.

पुढे ते फार चांगले ठाऊक झाले. ती हकिगत सांगितल्याशिवाय ज्या माणसाविषयी मी लिहायला बसलो आहे, त्याचे काम कळायचे नाही.

आपल्याकडे आल नावाचे एक झुडूप लावत. खानदेश, वऱ्हाड, माळवा या भागांत त्याची शेती होती. तीन-चार वर्षे ते शेतात उभे ठेवायचे आणि मग खणून त्याची मुळे काढायची, कारण लाल रंग मुळांत असतो. त्या रंगात बुडवलेले जाडेभरडे कापड म्हणजे खारवा. व्यापाऱ्यांच्या चोपड्या खारव्यात बांधत. मी बँकेत लागलो तेव्हाही आमच्या जुन्या खातेवह्यांची बांधणी लालच होती, मात्र तो लाल आलीचा नव्हता. युरोपात हेच काम मंजिष्ठाच्या जातीची मुळे करीत. त्यांतल्या मुख्य रंगद्रव्याला अ‍ॅलिझरिन म्हणत. १८६८ साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोघा तरुणांनी हे अ‍ॅलिझरिन जस्ताच्या भुकटीबरोबर तापवले आणि हाती काय आले, तर अँथ्रासीन! म्हणजे लाल मुळाचा सांगाडा आणि काळ्या डांबरातला सांगाडा एकच निघाला. मग उलटी वाट शोधायला किती वेळ लागणार? अँथ्रासीनपासून आधी अँथ्राक्विनोन आणि त्यापासून अ‍ॅलिझरिन. लंडनच्या पेटंट कचेरीत जर्मनांचा अर्ज २५ जून १८६९ रोजी आला आणि विल्यम पर्किन या इंग्रजाचा २६ जूनला. एका दिवसाचा फरक. त्या एका दिवसाची चर्चा रसायनशास्त्राच्या इतिहासात खूप झाली आहे. आलीच्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, याची तेवढी झालेली नाही. फ्रान्समधली मंजिष्ठाची शेती थोड्याच वर्षांत मोडली आणि आपल्याकडे आल हळूहळू शेतातून, मग बाजारातून आणि शेवटी भाषेतूनही गेली.

आता १९०१ साल. जर्मनीत रेने बोन हा रसायनशास्त्रज्ञ अँथ्राक्विनोनच्या घराण्यातून निळीसारखा रंग काढता येतो का ते पाहत होता. त्याला मिळालेला निळा रंग खऱ्या निळीपेक्षाही पक्का निघाला. नीळ म्हणजे इंडिगो आणि अँथ्रासीन, या दोन नावांचे तुकडे जोडून त्याचे नाव ठेवले गेले इंडान्थ्रेन. त्याच वर्षी ७ जूनला मद्रासला कृष्णस्वामी वेंकटरामन यांचा जन्म झाला. योगायोगांना अर्थ चिकटवण्याची कादंबरीकाराची खोड मला आहे, पण इथे मोह आवरतो. पुढे या रंगकुळाचा जगातला सर्वांत मोठा वृत्तांत त्यांच्या हातून लिहिला गेला, एवढेच नोंदवून पुढे जातो.

नावामुळे त्यांची गल्लत नेहमी होते. नोबेलवाले सर सी. व्ही. रामन वेगळे आणि राष्ट्रपती झालेले आर. वेंकटरामन वेगळे. हे के. वेंकटरामन. रंगरसायनाच्या जगात नुसते वेंकटरामन म्हटले तरी पुरते.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते मँचेस्टरला गेले. कापडगिरण्यांचे ते शहर. रंग शिकायला याहून योग्य जागा कोणती? तिथे त्यांना रॉबर्ट रॉबिन्सन गुरू लाभले. रॉबिन्सन यांना पुढे १९४७ साली नोबेल मिळाले. फुलापानांत पिवळा रंग आणणारी फ्लेव्होन नावाची द्रव्ये हा त्या वेळी त्या प्रयोगशाळेचा विषय होता. मायदेशी परतल्यावर वेंकटरामन लाहोरच्या फोर्मन ख्रिश्चन कॉलेजात शिकवू लागले. तिथे हरचरणसिंग महाल या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी फ्लेव्होन बनवण्याची एक सोपी वाट शोधली. रेणूच्या एका बाजूला अडकवलेला तुकडा अल्कलीच्या संगतीत उडी मारून दुसऱ्या बाजूला जाऊन बसतो आणि मग आम्ल घातले की कडे मिटते. १९३३-३४ सालची ही गोष्ट. त्याच सुमारास इंग्लंडात विल्सन बेकर स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले होते, म्हणून आज जगभरची पुस्तके तिला बेकर-वेंकटरामन पुनर्रचना म्हणतात. लाहोरच्या एका कॉलेजात, त्या काळच्या साधनांनी! बत्तिशी-तेहतिशीतल्या माणसाचे नाव पाठ्यपुस्तकात कायमचे गेले. एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते.

पण त्यांच्या आयुष्याचे मुख्य काम मुंबईत व्हायचे होते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला. ज्याला पुढे साऱ्या महाराष्ट्राने यूडीसीटी म्हटले आणि २००८ साली ज्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, ती ही संस्था. शहरात गिरण्यांचे भोंगे वाजत होते, लाखो वार कापड रंगत होते आणि रंगाचा जवळजवळ प्रत्येक डबा जर्मनीहून, स्वित्झर्लंडहून किंवा इंग्लंडहून येत होता. आर. बी. फॉर्स्टर हे इंग्रज गृहस्थ विभागाचे पहिले प्रमुख. १९३४ साली वेंकटरामन तिथे आले आणि १९३८ साली पहिले भारतीय संचालक झाले. माटुंग्याची इमारत १९४३ साली उभी राहिली, भर युद्धात.

इथे मला माझा स्वतःचा अनुभव मध्ये आणावा लागतो. नाशिक जिल्ह्यात नोकरी करताना काही वर्षे माझ्याकडे मालेगाव भागातल्या रंगाच्या व्यापाऱ्यांची कर्जखाती होती. माल नजरगहाण असे, म्हणजे माल त्यांच्याच गोदामात आणि आमचा हक्क कागदावर. महिन्याला एकदा जाऊन डबे मोजायचे. डब्यावर कंपनीचे नाव, रंगाचे नाव आणि पुढे अक्षरे: आर, टू बी, जी. मी कित्येक दिवस जी म्हणजे ग्रीन समजून चाललेल्या एका गुमास्त्याशी बोलत असे. तो जर्मन भाषेतला जी होता, गेल्ब, म्हणजे पिवळसर झाक. आर म्हणजे लालसर, बी म्हणजे निळसर. रंगारी, व्यापारी, यंत्रमागवाला, बँकवाला, आम्ही सगळे त्या अक्षरांवर लाखोंचे व्यवहार करीत होतो आणि डब्यात आहे काय हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. रंगाच्या धंद्याची हीच रीत होती. जे विकले जायचे ते नाव. रेणू कारखान्याच्या तिजोरीत असे.

मुंबईत बसलेल्या वेंकटरामनांपुढचा प्रश्न हाच होता, फक्त देशाएवढा मोठा. महायुद्ध पेटल्यावर जर्मन माल बंद झाला. तेव्हा कळले की आपल्याला रंगवता येते, पण रंग बनवता येत नाही. ज्या देशाने निळीने आणि लाखेने जग रंगवले, त्याला स्वतःच्या सैनिकांच्या खाकीसाठीही परक्यांच्या डब्याकडे पाहावे लागत होते. त्यांनी केले ते असे: विद्यार्थ्यांना रंग बनवायला शिकवले, नॅफ्थॉलचे, अँथ्राक्विनोनचे, गंधकाचे. प्रत्येक रंगाचा रेणू कागदावर काढायचा, मग तो भांड्यात घडवायचा, मग सुतावर चढवून उन्हात नि साबणात तपासायचा. त्या विद्यार्थ्यांत बाळ दत्तात्रेय टिळक होते, जे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. केकी घरडा याच संस्थेत शिकले. घरडांनी रंगानेच धंद्याची सुरुवात केली आणि नंतर कोकणात लोटे परशुरामला केवढा कारखाना उभारला, ते सर्वांना माहीत आहे. १९४७ साली वलसाडजवळ अतुल स्थापन झाले, कल्याणला इंडियन डायस्टफ निघाली. या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत पांढरे डगले घालून उभे राहणारे तरुण कुठूनतरी यायला हवे होते. त्यांतले कितीतरी माटुंग्याहून गेले.

आणि मग ते पुस्तक. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांचे तपासनीस जर्मन रंगकारखान्यांत शिरले आणि तिथल्या कृती, तापमाने, प्रमाणे यांचे अहवाल त्यांनी तयार केले. इतकी वर्षे तिजोरीत असलेला ऐवज छापील कागदावर आला. पण तो ढीग होता. कोणत्या अहवालात काय आहे, काय खरे, काय अपुरे, हे कोणीतरी बसून निवडायला हवे होते. वेंकटरामनांनी ते केले. संस्थेचा कारभार सांभाळत, शिकवत, त्यांनी पेटंटे, अहवाल आणि शोधनिबंध चाळून कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचे दोन जाडजूड खंड लिहिले. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने १९५२ साली ते काढले आणि ज्यांनी रंग शोधले त्या देशांतल्या लोकांनाही ते विकत घ्यावे लागले. रशियन भाषेतही त्यांचे भाषांतर झाले. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर मला हे फार मोठे धाडस वाटते. ज्याच्याकडे एवढी माहिती गोळा झाली तो कोणत्याही कंपनीचा सल्लागार होऊन गब्बर झाला असता. यांनी ती पुस्तकात घालून ग्रंथालयाच्या फळीवर ठेवली. नाशिकच्या सातपूर वसाहतीत रंगाची मधली रसायने बनवणारा एक होतकरू उद्योजक कर्जासाठी आमच्याकडे आला होता. त्याच्या प्रकल्प अहवालातली विक्रिया बरोबर आहे की नाही हे मला कसे कळणार? त्याने वेंकटरामनांच्या दुसऱ्या खंडातल्या पानाची छायाप्रत जोडली होती. तारण म्हणून ती चालत नव्हती, पण माझा विश्वास मात्र तिच्यावर बसला.

त्या खंडांत अँथ्रासीनच्या वंशाचा विस्तार वाचताना मजा येते. इंडान्थ्रेनसारखे रंग पाण्यात विरघळत नाहीत. मग ते सुतात शिरणार कसे? त्यांना आधी क्षपणाने विरघळणाऱ्या रूपात आणायचे, त्यात सूत बुडवायचे आणि मग बाहेर काढून हवा लागू द्यायची. हवेतल्या प्राणवायूने रंग पुन्हा आपल्या मूळ, न विरघळणाऱ्या रूपात येतो, पण आता तो धाग्याच्या आत अडकलेला असतो. साबण काय करणार? निळीच्या माठात कापड बुडवून बाहेर काढले की पिवळट-हिरवे दिसते आणि बघता बघता निळे होते, हे आपल्या रंगाऱ्यांना शतकानुशतके माहीत होते. नव्या रंगांनीही जुनाच मार्ग घेतला होता.

१९५७ साली वेंकटरामन पुण्याला आले. पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० सालच्या जानेवारीत पंडित नेहरूंनी उघडली होती, पण मॅकबेन आणि फिंच हे पहिले दोन्ही संचालक परदेशी होते. वेंकटरामन तिसरे आणि पहिले भारतीय. निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९६६ पर्यंत, ते त्या खुर्चीवर होते. त्यांच्यानंतर ती त्यांच्या शिष्याकडे, टिळकांकडे गेली.

पुण्याच्या दिवसांत त्यांनी जे हाती घेतले, ते मला सर्वांत जवळचे वाटते. कृत्रिम रंगांचा हा भाष्यकार झाडांकडे आणि किड्यांकडे वळला. फणसाच्या लाकडाचा पिवळेपणा कोकणातल्या सुतारालाही माहीत असतो. त्या पिवळेपणात कोणकोणते रेणू आहेत, हे त्यांच्या गटाने एकेक करून सोडवले. तुतीच्या सालीतली द्रव्ये सोडवली. आणि लाख! कुसुम, पळस, बोरीच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो थर चढवतात, त्यातला लाल रंग म्हणजे आपला अळता. कृत्रिम रंग आल्यावर लाखेचा रंग कोणी विचारीना. राळ तेवढी ठेवायची आणि लाखेच्या धुण्याबरोबर तांबडे पाणी ओतून द्यायचे, असे होत राहिले. त्या तांबड्या पाण्यातल्या लॅकेइक आम्लाची नेमकी रचना शतकभर रसायनशास्त्रज्ञांना हुलकावण्या देत होती. वेंकटरामन, त्यांचे शिष्य ए. व्ही. रामा राव आणि सहकारी यांनी १९६० च्या दशकात ती उलगडली. सांगाडा कोणता निघाला? अँथ्राक्विनोन. आलीच्या मुळातला मॉरिंडोन, मंजिष्ठाचा लाल, लाखेच्या किड्याचा लाल आणि डांबरातल्या हिरवट तेलातून कारखान्यात घडवलेला निळा, सगळे एकाच कडीचे.

इथे कोणी म्हणेल, मग या माणसाला आलीच्या शेतकऱ्याची हळहळ वाटली असेल. त्यांच्या कामात तसा सूर मला कुठे दिसत नाही. जुने रंग गेले याचे दुःख करण्यापेक्षा जुन्यात काय होते आणि नव्यात काय आहे, दोन्ही नीट जाणून घ्यावे, असाच त्यांच्या कामाचा रोख आहे. या बाबतीत मला त्यांच्या कन्येची आठवण होते. लाहोरला १९२८ साली जन्मलेल्या धर्मा कुमार केंब्रिजला शिकल्या, रिझर्व्ह बँकेत काम केले आणि मग आर्थिक इतिहासकार म्हणून नावारूपाला आल्या. आम्हा बँकवाल्यांना लेकीचे नाव आधी ठाऊक, वडिलांचे नंतर. दक्षिणेतले भूमिहीन शेतमजूर हे इंग्रजी अमलानेच निर्माण केले, हा सोयीचा समज त्यांनी कागदपत्रे तपासून खोडला. तो वर्ग आधीपासून होता आणि जातीशी बांधलेला होता, असे त्यांनी दाखवले. हे मत पुष्कळांना रुचले नाही. पण वडील रेणूंच्या बाबतीत जे करीत होते, तेच मुलीने इतिहासाच्या बाबतीत केले, असे मला वाटत आले आहे.

मधल्या काळात अँथ्रासीनने रंगाचे क्षेत्र ओलांडून दुसरीकडेही पाय पसरले होते. त्याच्या स्फटिकावर अणुकेंद्रातून निघालेला किरण आदळला की प्रकाशाची बारीक चमक उठते. १९४८ पासून अशा चमका मोजून किरणोत्सार मोजला जाऊ लागला. सेंद्रिय स्फटिकांत याची चमक इतकी चांगली की इतरांची त्याच्या शेकडेवारीत सांगण्याची पद्धत पडली. प्रकाशात ठेवले तर त्याचे दोन रेणू एकमेकांना बिलगतात, तापवले तर पुन्हा सुटतात. १९६३ साली न्यूयॉर्कमध्ये मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून वीज सोडून तो उजळवला. आज महागड्या मोबाइलचे पडदे सेंद्रिय पदार्थांच्या ज्या प्रकाशावर चालतात, त्याची ही एक सुरुवात. आणि दवाखान्यात जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड? ते कारखान्यात बनते अँथ्राक्विनोनच्याच एका भावंडाच्या मदतीने. नाशिक रोडच्या छापखान्यात छापलेली नोट आम्ही जांभळ्या दिव्याखाली धरतो आणि तिच्यातले तंतू झळाळतात, तेव्हा त्यांत कोणते द्रव्य असते ते सांगण्याची सोय नाही. पण अतिनील प्रकाश गिळून दिसणारा प्रकाश परत करण्याची ही किमया तीच, जी डांबरातल्या या स्फटिकात माणसाने दीडशे वर्षांपूर्वी पाहिली.

या सगळ्याची एक काळी बाजू आहे. मालेगावातल्या नाल्यांमधून एक दिवस जांभळे आणि एक दिवस हिरवे पाणी वाहताना मी पाहिले आहे. जो रंग उन्हाने आणि साबणाने जात नाही, तो नदीतूनही सहजी जात नाही. पक्केपणा हाच त्याचा गुण आणि तोच दोष. काही अ‍ॅझो रंग तुटून कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये देतात, हे सिद्ध झाल्यावर जर्मनीने १९९४ साली त्यांच्यावर बंदी घातली आणि १९९७ साली आपल्याकडेही तशा रंगांवर बंदी आली. तेव्हा निर्यातदारांची धावपळ उडाली, कारण कापडावर नेमका कोणता रंग आहे हे सांगायची पाळी आली होती आणि डब्यावर तर फक्त नाव आणि दोन अक्षरे.

निवृत्तीनंतर वेंकटरामन घरी बसले नाहीत. पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत ते काम करीत राहिले. जगभरच्या तज्ज्ञांकडून प्रकरणे मागवून, ती तपासून, त्यांनी १९७० ते १९७८ या काळात आपल्या ग्रंथाचे आणखी सहा खंड संपादित केले. आठवा निघाला तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. त्याच्या आदल्या वर्षी, १९७७ साली, त्यांनी आणखी एक पुस्तक सिद्ध केले होते. त्याचा विषय एकच: समोर आलेला अनोळखी कृत्रिम रंग नेमका कोणता आहे, हे ओळखायचे कसे. १९८१ साली ते गेले.